गाठ काढल्यानंतरची मॅमोग्राफी कशी वाचायची

स्तनातली गाठ काढली, तपासणीत साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघाली, टाके सुटले, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. सहा महिन्यांनी सर्जननी सांगितलं म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, केली आणि रिपोर्टमध्ये 'आर्किटेक्चरल डिस्टॉर्शन' (आतल्या रचनेची ओढाताण), 'स्किन थिकनिंग' (कातडी जाड होणं), 'इल-डिफाइन्ड डेन्सिटी' (अस्पष्ट कडांची पांढरट सावली) असे शब्द आले. त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. हे शब्द कॅन्सरच्या रिपोर्टमध्येही असतात, हे मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं. पण शस्त्रक्रिया झालेल्या स्तनात हेच शब्द बहुतेक वेळा भरून येणाऱ्या जखमेचं वर्णन असतात, हे कोणी समजावून सांगत नाही.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि अशा फिल्म रोज वाचते. हा लेख बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठ किंवा तिचा तुकडा काढणं, झालेल्या बायकांसाठी, त्यांच्याबरोबर फाईल घेऊन येणाऱ्या मुला-मुलींसाठी आणि गावातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. निदान घरी करावं असा हेतू नाही. रिपोर्टमधलं वाक्य कशावरून आलं आणि पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, एवढं कळलं तरी भीती निम्मी होते आणि खरोखर काळजीची गोष्ट निसटत नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: शस्त्रक्रियेनंतरच्या एकट्या फिल्मवरून निकाल लावायचा नसतो. आधीची फिल्म, पॅथॉलॉजीचा (काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा) रिपोर्ट आणि मधे गेलेला काळ, हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

आधी फाईल लावा

तारखेप्रमाणे चार गोष्टी लावायच्या. शस्त्रक्रियेपूर्वीची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, शस्त्रक्रियेची टिपणी, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आणि नंतरच्या सगळ्या तपासण्या. आपल्याकडे छापील रिपोर्ट जपला जातो आणि फिल्म माळ्यावर जाते, दमट हवेत एकमेकींना चिकटते, कधी रद्दीतही जाते. मला मात्र तुलनेसाठी चित्रच लागतं. 'छोटी गाठ दिसते' या जुन्या वाक्यावरून ती आज वाढली की नाही, हे मी सांगू शकत नाही. सीडी मिळाली तर सर्वात चांगलं. मूळ चित्र मोठं करून, उजेड कमीजास्त करून पाहता येतं. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून मत मागू नका. ज्या बारीक ठिपक्यांवर सगळं अवलंबून असतं, ते त्यात दिसतच नाहीत.

मग जागा जुळवा. रिपोर्टमध्ये जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहितात, समोरून पाहणाऱ्याच्या नजरेने. उजव्या स्तनात १० वाजताची जागा म्हणजे काखेकडची वरची बाजू. डाव्या स्तनात तीच बाजू २ वाजता येते. पुढे स्तनाग्रापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये असतं. प्रत्येक कागदावर बाजू, तास आणि अंतर एकच आहे का, हे पेन घेऊन तपासा. डावं-उजवं बदललेलं दिसलं तर लगेच दाखवून दुरुस्त करून घ्या.

शस्त्रक्रियेच्या टिपणीतून एक गोष्ट खास शोधायची: छेद कुठे घेतला आणि गाठ कुठून काढली. व्रण ठळक दिसू नये म्हणून सर्जन पुष्कळदा स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेने छेद घेतात आणि आतून वाट काढत गाठीपर्यंत जातात. अशा वेळी कातडीवरचा व्रण एकीकडे आणि आतली जागा तीन-चार सेंटिमीटर दूर असू शकते. ही माहिती नसेल तर आतला व्रण 'नवीन काहीतरी' वाटतो. आत खुणेसाठी टायटॅनियमच्या क्लिपा ठेवल्या आहेत का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

पॅथॉलॉजीचं उत्तर प्रश्नाला धरून आहे का

ही पायरी सर्वात जास्त वेळा गाळली जाते आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची हीच आहे. बायोप्सी कशासाठी केली होती? मॅमोग्राफीत एखादी गोष्ट दिसली म्हणून. मग पॅथॉलॉजीत जे निघालं त्याने त्या गोष्टीचा खुलासा होतो का?

समजा, मॅमोग्राफीत गुळगुळीत कडांची गोल गाठ होती आणि पॅथॉलॉजीत फायब्रोअॅडेनोमा, म्हणजे एक साधी गाठ, निघाला. जुळलं. समजा, काटेरी कडांची घट्ट गाठ होती आणि रिपोर्ट आला 'नॉर्मल स्तनपेशी आणि चरबी'. हे जुळत नाही. साधा रिपोर्ट आला म्हणून पेढे वाटण्याआधी, जी जागा काढायची होती तीच निघाली का, हे विचारायला हवं.

फिल्मवर पांढऱ्या दिसणाऱ्या कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसाठी बायोप्सी झाली असेल तर आणखी बारकाईने पाहा. हे ठिपके हाताला लागत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी मॅमोग्राफीच्या मदतीने त्या जागेपर्यंत आकड्यासारखं टोक असलेली बारीक तार घालतात आणि सर्जन तारेच्या आधाराने तो भाग काढतात. काढलेल्या तुकड्याचा लगेच एक्स-रे काढायचा असतो. त्यात ठिपके दिसले, तार पूर्ण दिसली आणि आधी सुईच्या बायोप्सीच्या वेळी क्लिप ठेवली असेल तर तीही दिसली, की काम झालं. हा एक्स-रे फाईलमध्ये आहे का ते पाहा. पुढे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कॅल्सिफिकेशनचा, म्हणजे या कॅल्शियमचा, उल्लेख हवा. तो नसेल तर सर्जनमार्फत पॅथॉलॉजिस्टना विचारता येतं: ज्या मेणाच्या ब्लॉकमध्ये तुकडा जपलेला असतो त्याचा एक्स-रे काढून आणखी खोल काप घेता येतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे कण नेहमीच्या रंगात उमटत नाहीत, पोलराइज्ड उजेडात चमकतात. तेही पाहून घेता येतं. एवढं करूनही कॅल्शियम सापडलं नाही, तर स्तनाची मॅग्निफिकेशन (तेवढाच भाग मोठा करून दाखवणारी) मॅमोग्राफी करून ठिपके आतच राहिलेत का ते पाहायचं.

'रेडियल स्कार' हा शब्द आला तर तो शस्त्रक्रियेच्या व्रणाबद्दल नाही. ती स्तनात आपोआप होणारी, काटेरी दिसणारी वेगळी साधी गाठ आहे. आणि 'अॅटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया', म्हणजे दुधाच्या नळीतल्या पेशींची वेगळी दिसणारी वाढ, निघालं असेल तर तो कॅन्सर नव्हे, पण पुढे कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या साधारण चौपट असतो. अशा बाईने दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही.

माझं ठाम मत आहे की स्तनातून काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. 'गाठ साधीच दिसत होती, म्हणून पाठवली नाही' असं ऐकायला मिळतं तेव्हा वाईट वाटतं, कारण पुढची सगळी वर्षं त्या व्रणाकडे बघताना आमच्या हातात काहीच उत्तर नसतं. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही जपा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पुढचा सल्ला घ्यायला गेलात तर ते पुन्हा तपासायला मागतात.

नवी तपासणी कधी

पहिल्या काही आठवड्यांत मॅमोग्राफीचा फारसा उपयोग नसतो. जखम दुखते, स्तन नीट दाबता येत नाही, आणि आत रक्त किंवा पाणी साठलेलं असल्याने चित्र गढूळ येतं. ताप, लाली किंवा वाढती सूज असेल तर सोनोग्राफी करतात. बायोप्सी साधी निघाली असेल तर बहुतेक ठिकाणी सहा ते बारा महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी करतात. ही फिल्म म्हणजे त्या स्तनाचा नवा पाया. यापुढची प्रत्येक फिल्म तिच्याशी ताडून पाहायची, म्हणून ती हरवू देऊ नका.

मॅमोग्राफीच्या खोलीत

त्या दिवशी काखेत आणि छातीवर पावडर, डिओडरंट, मलम काही लावू नका. त्यांचे कण फिल्मवर कॅल्शियमसारखे उमटू शकतात. मंगळसूत्र आणि गळ्यातलं सगळं काढून ठेवा.

तंत्रज्ञ ताईंना व्रण दाखवा, जुने व्रणसुद्धा. त्या व्रणावर बारीक तारेची चिकटपट्टी लावतात. फिल्मवर ती पांढऱ्या रेघेसारखी दिसते आणि वाचणाऱ्याला कळतं की शस्त्रक्रिया इथून झाली. तीळ किंवा चामखीळ असेल तर तिथे गोल खूण लावतात. व्रणाचा केलॉइड झाला असेल, म्हणजे तो जाड आणि उंच झाला असेल, तर तो आवर्जून सांगा. फिल्मवर तो स्तनातल्या गाठीसारखा दिसू शकतो. माहितीच्या फॉर्मवर शस्त्रक्रियेची तारीख, बाजू आणि पॅथॉलॉजीचा निकाल लिहा. 'ऑपरेशन झालंय' एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा वाचणाऱ्याचा निम्मा वेळ अंदाज बांधण्यात जातो.

व्रण फिल्मवर कसा दिसतो

प्रत्येक स्तनाच्या नेहमीच्या दोन फिल्म असतात. एक वरून खाली दाबून काढलेली, सीसी. दुसरी तिरकी, काखेपर्यंतची, एमएलओ. व्रण ओळखायला या दोन्ही एकत्र पाहाव्या लागतात.

शस्त्रक्रियेचा व्रण बहुधा पसरट असतो, एखाद्या पडद्यासारखा. म्हणून तो एका फिल्ममध्ये काटेरी गाठीसारखा दिसतो आणि दुसऱ्या फिल्ममध्ये त्याची लांबट, विरळ रेघ होते. मधोमध घट्ट गाभा नसतो, तिथे काळसर चरबी अडकलेली दिसते. काटे लांब आणि थोडे वाकलेले असतात आणि पुष्कळदा कातडीवरच्या खुणेच्या दिशेने जातात. कॅन्सरच्या गाठीचा गाभा घट्ट, पांढरा असतो आणि ती दोन्ही फिल्ममध्ये जवळजवळ तशीच दिसते. शंका राहिली तर त्या भागावर लहान पट्टीने जास्त दाब देऊन वेगळी फिल्म काढतात किंवा टोमोसिंथेसिस करतात, ज्यात स्तनाचे पातळ थर एकेक करून पाहता येतात. टोमोसिंथेसिसमध्ये व्रणाची ओढाताण नेहमीपेक्षा ठळक दिसते. साध्या मॅमोग्राफीनंतर पहिल्यांदाच टोमो केली असेल तर 'डिस्टॉर्शन वाढलं' असं वाटू शकतं, प्रत्यक्षात फक्त यंत्र बदललेलं असतं. दोन्ही तपासण्या कोणत्या पद्धतीने झाल्या, हे म्हणून विचारावं.

या खुणा मदत करतात, पण यांच्यापेक्षा भरवशाचा आहे काळ. सुरुवातीला कातडी जाड असते (साधारणपणे २ मिलिमीटरपर्यंतची जाडी नॉर्मल धरतात), आतला भाग सुजलेला असतो, पोकळीत पाणी साठून गोल किंवा लंबगोल सावली दिसते. महिने जातात तसं पाणी शोषलं जातं, सूज उतरते, पोकळीच्या जागी व्रण येतो आणि तो आकसत जातो. साध्या बायोप्सीनंतर, रेडिएशन दिलेलं नसेल तर, वर्ष-दोन वर्षांत कित्येक बायकांच्या फिल्मवर शस्त्रक्रियेचा मागमूसही उरत नाही. काहींमध्ये लहानसा व्रण कायम राहतो. दोन्ही ठीक.

व्रण कमी झाला पाहिजे, नाहीतर आहे तसा राहिला पाहिजे. आधी आकसलेला किंवा स्थिर असलेला व्रण नंतर मोठा, घट्ट किंवा गोल होऊ लागला, तर तो बदल तपासायलाच हवा. आणि तुलना फक्त गेल्या वर्षीच्या फिल्मशी करून भागत नाही. हळूहळू होणारी वाढ एका वर्षात डोळ्यांना कळत नाही; दोन-तीन वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी लावली की लगेच दिसते. रिपोर्टमध्ये 'स्टेबल' लिहिलं असेल तर कोणत्या तारखेच्या फिल्मशी तुलना करून, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कॅल्शियमचे ठिपके

शस्त्रक्रियेत चरबीच्या पेशी दुखावतात, मरतात. याला फॅट नेक्रोसिस म्हणतात. त्यातून कधी तेलाची पुटकुळी तयार होते: फिल्मवर काळं, गोल आणि भोवती अंड्याच्या टरफलासारखी पातळ पांढरी कड. ही दिसली की दुसरी तपासणी लागत नाही. व्रणाजवळ जाड, ओबडधोबड, मध्ये काळसर कॅल्शियमही जमतं; टाक्यांच्या दोऱ्यावर जमलं तर चक्क दोऱ्याच्या तुकड्यासारखं दिसतं, कधी गाठही ओळखू येते. हे सगळं निरुपद्रवी, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसू लागतं. म्हणून 'न्यू कॅल्सिफिकेशन' एवढ्या दोन शब्दांनी घाबरू नका. पुढे आकाराबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

काळजीचे शब्द वेगळे: 'फाइन प्लिओमॉर्फिक', म्हणजे बारीक आणि प्रत्येक ठिपका वेगळ्या आकाराचा, 'फाइन लिनिअर ब्रँचिंग', म्हणजे दुधाच्या नळीत भरल्यासारखे रेघांचे, फांद्या फुटलेले, आणि धूसर ठिपक्यांचा दाट पुंजका. अवघड भाग असा की फॅट नेक्रोसिसचं कॅल्शियमही सुरुवातीला बारीक आणि वेडंवाकडं दिसू शकतं. मॅग्निफिकेशनच्या फिल्म काढल्या तरी कधी निर्णय होत नाही आणि सुईची बायोप्सी करावी लागते. ती सुचवली म्हणजे कॅन्सर गृहीत धरला असं नव्हे.

सोनोग्राफी आणि एमआरआय

सोनोग्राफीत व्रण काळा दिसतो आणि त्याच्यामागे गडद सावली पडते. कॅन्सरही असाच दिसू शकतो, त्यामुळे स्थिर चित्रावरून फरक करणं कठीण. प्रोब, म्हणजे यंत्राचा कातडीवर फिरवायचा भाग, हातात असताना मात्र पुष्कळ कळतं. मी प्रोब कातडीवरच्या व्रणावर ठेवते आणि आतली काळी रेघ त्या व्रणाला जाऊन मिळते का ते पाहते. मग प्रोब थोडा तिरका करून दाब देते. व्रणाची सावली कोनाप्रमाणे बदलते, कधी नाहीशीच होते. घट्ट गाठीची सावली सहसा तशीच राहते. डॉपलरने रक्तप्रवाहही पाहते, कारण जुन्या व्रणात तो जवळजवळ नसतो. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्यांना आधीच सांगा, 'इथे ऑपरेशन झालं होतं', आणि व्रणावर बोट ठेवून दाखवा.

एमआरआयची गरज प्रत्येकीला नसते. गॅडोलिनियमचं (चित्रात काही भाग उजळवणारं) इंजेक्शन दिल्यावर ताजा व्रणही उजळतो, साधारण पहिले सहा महिने, आणि रेडिएशन झालं असेल तर दीड वर्षापर्यंतसुद्धा. त्याआधी केलेल्या एमआरआयमध्ये 'एनहान्समेंट', म्हणजे हे उजळणं, दिसलं तर त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. जुना व्रण उजळत नाही, आणि इथे एमआरआय खरोखर कामाला येतो.

शेवटी तो आकडा

रिपोर्टच्या तळाशी बायरॅड्सचा आकडा असतो. ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची पद्धत आहे. सर्वात मोठा गैरसमज शून्याबद्दल. शून्य म्हणजे 'काही नाही' असं समजून लोक फाईल कपाटात ठेवतात. शून्य म्हणजे तपासणी अपुरी: आणखी फिल्म, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्मशी तुलना बाकी आहे. शस्त्रक्रियेनंतर शून्य बऱ्याचदा फक्त जुनी फिल्म आणली नाही म्हणून मिळतो.

१ म्हणजे नॉर्मल. २ म्हणजे दिसतंय ते निश्चित साधं. ओळखता आलेला व्रण, तेलाची पुटकुळी, टाक्यांचं कॅल्शियम यात येतात. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून सहसा ६, १२ आणि २४ महिन्यांनी पुन्हा पाहायचं. ३ देण्याआधी लागणाऱ्या जादा फिल्म आणि सोनोग्राफी झालेली असली पाहिजे. नुसत्या दोन फिल्म बघून 'सहा महिन्यांनी या' म्हणणं बरोबर नाही. ४ला बायोप्सी हवी, पण ४ फार रुंद आहे: ४ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये ५० ते ९५. नुसता ४ लिहिला असेल तर ए, बी की सी, ते विचारा. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा अधिक. ६ म्हणजे कॅन्सर आधीच सिद्ध झालेला आणि पूर्ण शस्त्रक्रिया अजून बाकी.

बायोप्सीत कॅन्सर निघाला असेल तर

मग पहिला प्रश्न कडांचा. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावून पॅथॉलॉजिस्ट तपासतात. पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये शाईपर्यंत कॅन्सर पोचलेला नको. दुधाच्या नळीतच असलेल्या कॅन्सरमध्ये, म्हणजे डीसीआयएसमध्ये, २ मिलिमीटरचं अंतर हवं असं मानतात. कॅल्शियमचे ठिपके होते तर रेडिएशन सुरू होण्याआधी मॅग्निफिकेशन मॅमोग्राफी करून ते सगळे निघालेत याची खात्री करून घ्या. रेडिएशननंतर सूज आणि कातडीची जाडी जास्त असते, साधारण सहा महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक, आणि उतरायला दोन-तीन वर्षंही लागतात. उतरलेली सूज पुन्हा वाढली तर मात्र थांबायचं नाही. रेडिएशन संपल्यावर सहा ते बारा महिन्यांनी पहिली मॅमोग्राफी, पुढे दरवर्षी. दुसऱ्या स्तनाची तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे.

पुढच्या तारखेची वाट पाहू नका, जर

व्रणाशेजारी नवी गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून आपोआप रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत गाठ आली, किंवा ताप येऊन स्तन लाल, गरम झालं. अशा वेळी तीन महिन्यांपूर्वीचा बायरॅड्स २ चा कागद दाखवून स्वतःची समजूत घालू नका. तो कागद त्या दिवसापुरता होता.

आणि पुन्हा बायोप्सी सांगितली तर ती सुईने होईल का, हे आधी विचारा. सोनोग्राफीत दिसणाऱ्या गाठीसाठी जागेपुरती भूल देऊन कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं, होते. फक्त मॅमोग्राफीत दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी स्टिरिओटॅक्टिक व्हॅक्यूम बायोप्सी (मॅमोग्राफीच्या मदतीने नेमकी जागा धरून सुईने तुकडे ओढून घेणं) असते, ती सगळीकडे नसते, मोठ्या शहरात जावं लागू शकतं. तरी ती वाट सोयीची आहे: उत्तर मिळतं, दुसरा मोठा व्रण होत नाही, आणि कॅन्सर निघालाच तर एकच शस्त्रक्रिया नीट आखता येते. सुईच्या वेळी क्लिप ठेवली तर तिचा आकार, बाजू, तास आणि तारीख एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पहिल्या मॅमोग्राफीच्या सीडीबरोबर ठेवा.